पत्र्याच्या अलीकडे

आमच्या भागात गडीमाणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना दारात घसा खाकरतो. आत बायका असतात. कुणी पदर सारखा करते, कुणी पसरलेले पाय आवरून घेते, मग तो आत येतो. हे कुणी शिकवत नाही. माझे वडील तर स्वतःच्या घरातसुद्धा खाकरल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नसत, आणि तीच सवय मला लागली. पुढं जे सांगायचं आहे ते या खोकल्याशी बांधलेलं आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

आमचं घर काष्टीला. रस्त्याच्या बाजूला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्यांचे शेड असली कामं मी करतो. घराच्या मागं पडवी आहे आणि तिथं माझ्या बायकोचं शिलाई मशीन. पडवीचं तोंड उत्तरेला, त्यामुळे ऊन आत येत नाही पण उजेड दिवसभर सारखा असतो. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं शिवायचं तर असाच उजेड लागतो, असं ती म्हणते. पडवीसमोर आमचं अंगण, अंगणाच्या टोकाला कमरेएवढी विटांची भिंत, आणि भिंतीपलीकडं शेजाऱ्याची मागची जागा: गोठा, कडबाकुट्टीचं मशीन, एक लिंबाचं झाड.

शेजारी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. आमचं घर बांधायचं चाललं होतं तेव्हा स्लॅबवर मारायला पाणी त्यांच्या बोअरचं होतं. मी त्यांना दादा म्हणायचो, बायकोही दादाच म्हणायची. त्यांच्या मंडळींचे ब्लाउज हिच्याकडंच शिवायला असायचे.

एका संध्याकाळी मी दुकान बंद करून मागं हात धूत होतो. ती पाणी ओतत होती. ओतता ओतताच म्हणाली, "तो शेजारचा मला उघडा होऊन दाखवतो."

मी काय बोललो ते मला लख्ख आठवतं, आठवू नये असं वाटतं तरी. मी म्हणालो, "तो काय म्हणतेस? दादा म्हण."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग मी म्हणालो की लघवीला उभे राहिले असतील, आपल्याकडं कोण आडोसा शोधत बसतं. ती म्हणाली, "लघवीला उभा राहनारा मानूस आधी खोकतो का?"

मग तिनं सांगितलं. सकाळी पुढं दुकानात माझं काम जोरात सुरू झालं की तो लिंबाखाली यायचा, भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा आणि घसा खाकरायचा. ती पहिल्यांदा बघायची ते सवयीनं, कुणी माणूस येतोय असं समजून. पदराला हात जायचा आणि मान वर व्हायची. तेवढंच त्याला हवं असायचं. दिवाळीच्या आधीपासून हे चाललं होतं. आधी तिला वाटलं आपलीच नजर चुकली, मग ती खाली मान घालून शिवायला लागली, तर तो पुन्हा पुन्हा खोकायचा.

माझा विश्वास बसला नाही असं नाही. बसला. पण विश्वास बसल्यावर माणूस काय करतो, ते ज्याच्या त्याच्या धंद्यावर असावं. मी पत्र्याचा माणूस. भाऊ वेगळे झाले की गावात आधी माझा पत्रा उभा राहतो, सातबारा नंतर फुटतो. कुणाच्या सुनेचं न्हाणीघर रस्त्यावरून दिसतं, कुणाचं शेजाऱ्याशी पटत नाही, सगळ्यांना माझ्याकडं एकच औषध. तेच मी घरी आणलं. रविवारी दुकान बंद ठेवून अंगणाच्या टोकाला अँगल रोवले आणि दोन पुरुष उंचीचा पत्रा चढवायला घेतला.

आवाज ऐकून तो भिंतीपाशी आला. "काय रं, काय काम काढलं?"

मी म्हणालो, "वारं लई येतंय दादा मागून. हिला मशीनवर बसवत न्हाई."

"एकट्याला झेपायचा न्हाई तुला," असं म्हणून त्यानं पलीकडून पत्रा धरला. तो धरून उभा राहिला आणि मी अलीकडून स्क्रू मारले. पत्र्याच्या कडेवर त्याची बोटं मला दिसत होती. काम झाल्यावर मी त्याला चहा विचारला. बायको पडवीच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि चहा ठेवला नाही. साखर संपलीय, असं मी त्याला सांगितलं.

त्या दिवसापासून पडवीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

थोड्याच दिवसांत ती म्हणाली, तो अजून खोकतो. मी म्हणालो, आता दिसत तर नाही ना. त्यानंतर एका सकाळी मी चहाला मागं बसलो होतो. ती मशीनवर होती. पत्र्यापलीकडं कुणीतरी घसा खाकरला. मशीन थांबलं. पुन्हा खाकरला. तिचा हात चाकावर तसाच राहिला आणि ती माझ्याकडं बघत होती. मला सगळं कळलं. माणूस दिसत नव्हता, तरी तो तिथं उभा आहे आणि कशासाठी उभा आहे, हे तिला कळावं एवढी त्याची सोय अजून होती.

मी म्हणालो, "हवा बदललीय. सर्दी झाली असंल."

दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली आणि फिर्याद देऊन आली. जाण्याआधी शेजारणीचा अर्धा राहिलेला ब्लाउज पुरा करून, हुक लावून तिच्या घरी पाठवून दिला होता. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, "तिनं काय केलंय?"

पंचनाम्याला पोलीस आले. हवालदार मशीनपाशी उभे राहिले आणि म्हणाले, इथून तर पत्राच दिसतोय. बायको म्हणाली, पत्रा नंतर लावलाय. हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. अंगणात आळीतली माणसं जमली होती, पत्र्याच्या कडेनं तोही उभा होता. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली का नुसतीच, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी समोर दिसलं ते लिहिलं. माझ्या जबाबात, बायकोनं मला हा प्रकार सांगितला होता, एवढंच आलं. पत्रा कधी लावला, का लावला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग वर्षं गेली. फिर्यादीवर जिल्हा अहमदनगर होता, साक्षीचं समन्स आलं तेव्हा अहिल्यानगर झाला होता. मधल्या काळात ती किती वेळा पिशवीत डबा घेऊन श्रीगोंद्याच्या कोर्टात गेली असेल. कधी न्यायाधीश रजेवर, कधी आरोपीचा वकील नाही. एकदा सरकारी वकिलांनी तिला समजावलं की केस आता सरकारची आहे, सरकार विरुद्ध आरोपी अशी चालते, तुम्ही त्यात साक्षीदार. परत येताना मोटरसायकलवर मागं बसून तिनं विचारलं, "केस माझी न्हाई का मग?" मी म्हणालो, कागदावर नाही. जरा वेळानं ती म्हणाली, "बघितलंय तर मीच."

तिची साक्ष झाली त्या दिवशी मला आत बसू दिलं नाही, कारण मीही साक्षीदार होतो. मी बाहेर बाकावर होतो. आत काय झालं ते तिनं घरी सांगितलं, थोडं थोडं करून, भाकरी थापताना. त्याच्या वकिलानं तोच मुद्दा काढला: माणूस स्वतःच्या जागेत लघवीला उभा होता, बाईनं उगाच बघितलं. ती म्हणाली की लघवीला जाणारा माणूस बाई दिसली तर थांबतो, नाहीतर पाठ करतो. हा तोंड करून उभा राहायचा आणि मी बघावं म्हणून खोकायचा. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी लिहून घेणाऱ्याला थांबवलं आणि खोकल्याचं वाक्य नीट घ्यायला सांगितलं. मग वकिलानं पत्र्याचा विषय काढला. पत्रा तर फिर्यादीच्या आधीपासून आहे, तुमच्या नवऱ्यानं वाऱ्यासाठी लावलाय, आणि लावताना ज्याच्यावर तुम्ही आळ घेता त्यानंच तो धरलाय, हे खरं का? ती म्हणाली, "लावला ते खरं. कशासाठी लावला ते त्यांना इचारा."

हे सांगून तिनं भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलं नाही.

माझ्या तारखेआधी गावातली दोन वडीलधारी माणसं दुकानात आली. त्यांनी दमदाटी केली नाही. चहा घेतला, तयार गेटाचं कौतुक केलं. मग थोरले म्हणाले, "तुला खोटं बोलायला कोन सांगतंय? तू त्याला वारं येतंय म्हनालाच हुतास ना? तेवढंच तिथं म्हन. म्हातारा हुत चाललाय तो, सुना-नातवंडांत बसायचंय त्याला."

ते खरंच होतं. मी म्हणालोच होतो. शब्दाला शब्द खरा ठेवूनसुद्धा मी तिला खोटं पाडू शकत होतो, आणि गावात कुणी मला नाव ठेवलं नसतं. मी त्यांना, बघतो, असं म्हणालो. हे घरी सांगितलं तेव्हा ती टाचणी तोंडात धरून कापड मोजत होती. टाचणी काढून म्हणाली, "बघतो म्हनालात म्हंजी निम्मं हो म्हनालात." आणि ती टाचणी कापडाला टोचली. पंचनाम्याच्या दिवशी आळीदेखत ती एकटी बोलत होती आणि मी मान हलवत होतो, तशीच ती कोर्टातही एकटी पडणार होती. हे माझ्या तेव्हा पुरतं ध्यानात आलं.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर, फिर्याद झाल्यापासून पहिल्यांदा, मला त्याचा चेहरा नीट दिसला. तो खरोखर म्हातारा झाला होता. सरकारी वकिलांचं लवकर झालं. मग त्याच्या वकिलानं सावकाश विचारायला सुरुवात केली. पत्रा तुम्ही स्वतः लावला? हो. आरोपीनं धरायला मदत केली? केली. वारा येतो म्हणून लावतोय असं तुम्ही त्याला सांगितलं? सांगितलं. काम झाल्यावर चहा विचारला? विचारला. म्हणजे तेव्हा तुमचा त्याच्यावर राग नव्हता, कारण तेव्हा काही घडलंच नव्हतं?

इथं नुसतं हो किंवा नाही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "घडलं होतं. तिनं मला आधीच सांगितलं होतं. वाऱ्याचं मी खोटं बोललो."

वकील म्हणाले, आता बायको अडचणीत आली म्हणून शिकवल्यासारखं बोलताय. न्यायाधीश बाईंनी त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "खोटं का बोललात?"

मी घरून काही ठरवून गेलो नव्हतो. मी म्हणालो, "लाज वाटली. त्याला वाटायला पाहिजे होती ती मला वाटली. बायकोला दिसायचं बंद केलं की झालं, असं समजलो मी. नंतर पत्र्याआडून तो खोकतो ते मी स्वतः ऐकलंय. तिला म्हणालो, सर्दी असेल."

लिहून घेणाऱ्यानं ते टाइप केलं. मग माझं बोलणं मला वाचून दाखवलं. माझ्या तोंडातून निघालेलं कागदावर फार लहान झालं होतं: पत्रा घटनेनंतर लावला, लाजेमुळे आरोपीस खरे कारण सांगितले नाही. मी सही केली.

बाहेर ती बाकावर बसली होती. मी काय बोललो ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज सांगितलंत." त्यात शाबासकी नव्हती. मग आम्ही बाजारातून अस्तराचं कापड घेतलं आणि घरी आलो.

निकालात न्यायाधीश बाईंनी तिचं बोलणं खरं धरलं. शिक्षा झाली, फार मोठी नाही. त्यानं अपील केलंय आणि जामिनावर तो घरीच असतो. गावात काहीजण माझ्याशी तुटक वागतात. गोठ्याची एक-दोन कामं दुसऱ्याकडं गेली. हिच्याकडं मात्र बायका येतात, पूर्वीपेक्षा जास्त येतात, आणि कधी कधी ब्लाउजचं माप देऊन झाल्यावरही बसून राहतात. त्या काय बोलतात ते ती मला सांगत नाही.

निकालानंतर थोड्या दिवसांनी ती म्हणाली, पत्रा काढा. मी म्हणालो, अपील आहे, तो समोरच राहतो, कशाला? ती म्हणाली, "मग मी किती वर्षं दिवा लावून शिवू?" मी रविवारी ग्राइंडर घेऊन अँगल कापले. या वेळी पलीकडून कुणी आलं नाही. पत्रा खाली आला तशी ती मशीनपाशी येऊन बसली, दिवा बंद केला, आणि सुईत दोरा ओवताना तिला डोळे बारीक करावे लागले नाहीत.

पलीकडून आता खोकला येत नाही. पण माझी सवय जात नाही. दुकानातून मागं यायला निघालो की पडवीच्या दारात मी आपोआप घसा खाकरतो, वडील खाकरायचे तसा. तिचं मशीन थांबतं. म्हणून मी हल्ली येताना हाक मारतो, "मी हाय गं." बहुतेक वेळा ध्यानात राहतं. एखाद्या दिवशी विसरतो आणि मशीन थांबलेलं ऐकतो. मग मी आत जात नाही. ते पुन्हा सुरू होईपर्यंत उंबऱ्याबाहेरच उभा राहतो.