शाईच्या बाटलीचा वरखर्च

माझे साडू ठाण्याच्या कचेरीतली कारकुनी सोडून कल्याणात शाई करायला बसले, ते माझ्या शब्दावर. मी तेव्हा कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो. दिवसभर लोकांच्या मालाचं भाडं आकारायचं, हेच माझं काम. म्हणून बाटलीमागे खर्च किती पडेल, हे त्यांनी मलाच विचारलं. मी मुंबईच्या दुकानाचं दरपत्रक समोर धरून बाटलीची काच आणि शाईला लागणारं माजूफळ, हिराकस, डिंक यांची बेरीज सांगितली. वाहतुकीचं नावही काढलं नाही. विसरलो, असं पुढे स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण विसरलो नव्हतो. भाडं धरलं असतं तर ते मागे फिरले असते, आणि मला ती प्रयोगशाळा हवी होती.

प्रयोगशाळा म्हणजे त्यांच्या घराची मागची पडवी. काचेची नरसाळी, पितळी तराजू, स्पिरिटचा दिवा, आणि भिंतभर डकवलेल्या कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एकेका दिवसाची शाई. कोणती काळी होत चालली, कोणती तांबूस पडली, हे साडू रोज आंघोळ झाल्याबरोबर पाहत, देवपूजा त्यानंतर. धक्क्यावरून सुटलो की मी थेट तिथे जाई. इतकं सुख मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

पण मुंबईहून बाटल्यांची पेटी आली की पेटीचे पैसे, पेंढ्याचे पैसे, दोन्हीकडची हमाली, रेल्वेचं भाडं, बैलगाडी आणि जकात हेही बरोबर येई. डझनात एक-दोन बाटल्या फुटक्या निघत. भरलेल्या बाटल्या मुरबाडकडे विकायला मीच धाडी, त्याही रस्त्यात फुटत. पेट्या माझ्याच धक्क्यावर उतरत, त्यामुळे हा सगळा वरखर्च मी परस्पर पगारातून भागवी. साडूंना वाटे, दुकानदारच माल घरपोच देतो. फार भला माणूस आहे, असं ते चारचौघांत सांगत आणि मी मान डोलवी.

आठ महिने असे गेले. मग जिल्ह्यातल्या शाळांना वर्षभर शाई पुरवण्याचा मक्ता त्यांना मिळायची वेळ आली. दर त्यांनी माझ्या जुन्या बेरजेवरच काढला होता. सोमवारी ठाण्याच्या कचेरीत सही व्हायची होती. ती झाली असती तर बाटलीगणिक तोटा, आणि तो माझ्या पगारात मावणारा नव्हता. रविवारी सकाळी मी जाऊन सगळं सांगून टाकलं.

साडूंनी तराजूची दोन्ही पारडी पुसली. मग म्हणाले, "नोकरी सोडताना मी घरात बायकोला विचारलं नाही. तुम्हाला विचारलं."

मेहुणीबाई शेजारीच बसून, नाशिकला दिलेल्या लेकीसाठी मेतकुटाची पुरचुंडी बांधत होत्या. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"मग आता तरी विचारा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अहो, शाळांतून पाणी मिळत नाही का? लेकीला मेतकूट पाठवते, तर बरोबर दही पाठवते का मी?"

आम्ही दोघे शिकलेले पुरुष एकमेकांकडे पाहत राहिलो. आठ महिने आम्ही गावोगाव पाणी वाहत होतो, तेही काचेतून.

तो रविवार शाईची कोरडी पूड कुटण्यात गेला. माजूफळ मी कुटलं, डिंक साडूंनी, हिराकस तव्यावर कोरडं करून दिलं मेहुणीबाईंनी. वस्त्रगाळ पुडी मेणकागदात बांधली, आडाच्या पाण्यात कालवली, आणि भिंतीवर नवी पट्टी लागली. संध्याकाळपर्यंत ती चांगली काळी झाली. मेहुणीबाई वरचेवर येऊन विचारत, भावोजी, माझं दही-मेतकूट कसं आहे?

सोमवारी साडूंनी मला ठाण्याला बरोबर नेलं. माफ केलं असं ते वाटेत काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. कचेरीत साहेबांच्या तांब्यातलं पाणी घेऊन त्यांनी पुडी कालवून दाखवली, वाळलेली पट्टीही दाखवली. साहेबांनी कागद पुढे केला. साडूंनी दराची जागा कोरी ठेवली, टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"आता पुडीमागे सगळं सांगा," ते म्हणाले. "धक्क्यावर परक्या गिऱ्हाइकाला सांगता तसं."

साहेब ताटकळले होते. पण मी घाई केली नाही. हमालीपासून सुरुवात केली.