मनकर्णाबाईची त्रिकोणमिती

अल्लीपूरच्या मनकर्णाबाईला 'सोडून दे' म्हणणं म्हणजे पेटत्या चुलीत आणखी पऱ्हाटी सारणं. वांगी-दोडके पिकवून बाजारात विकणारी ही बाई पोरं संसाराला लागल्यावर दहावीला बसली. दोनदा बसली, दोन्ही वेळा भूमितीनं पाडली. नवरा प्रेमदास म्हणाला, "आता ही खेप शेवटची बरं! सारं गाव हासून राह्यलं."

"गावाले दुसरं काम नसन तं हासू द्या!"

शिकवणीचे निशांत सर कोवळ्या वयाचे, मनाचे चांगले. तेही म्हणाले, "काकू, त्रिकोणमिती सोडा. बाकीच्यावर पास व्हाल."

"काऊन सोडू? पानी देतानी वाफ्याचा एक कोपरा कोरडा ठेवते का कोनी?"

मग काय विचारता! साइन-कोसाइनच्या किमतींचा तक्ता बाईनं पाढ्यासारखा घोकला. निंदताना घोकला, भाकरी थापताना घोकला. आणि सराव परीक्षेत साइनच्या जागी कोसाइन लिहिला, कोसाइनच्या जागी साइन! प्रेमदास म्हणतो, "पालकात मेथी मिसळली का गिऱ्हाईकबी घेत नाई."

बाई फणफणत वावरात गेली. दोडक्याचा मांडव घालायचा होता. सारख्या मापाचे तीन बांबू बांधून तिनं त्रिकोण उभा केला आणि तो कलला तर नाही ना, हे पाहायला शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडली. दगड खालच्या बांबूच्या बरोबर मधोमध आला. बाई थबकली. तिन्ही कोपरे साठ अंशांचे. दोरीनं वरचा कोपरा चिरला, तीसचे दोन झाले. तीसच्या समोर अर्धा बांबू, कर्ण म्हणजे आख्खा बांबू. साइन तीस, एक छेद दोन! मग ती खालच्या साठच्या कोपऱ्यापाशी जाऊन बसली. तिथून तोच अर्धा बांबू समोर नव्हता, कोनाला लागून होता. कोसाइन साठ, तोच अर्धा!

"अवो, इकडं या!" तिनं नवऱ्याला हाक मारली. "दोन वावरांमंधला धुरा एकच असते. आपल्याकडून पाह्यला तं आपला, शेजाऱ्याकडून पाह्यला तं त्याचा. साइन-कोसाइनबी तसेच हायेत!"

"मंग इतके दिवस घोकलं कायले?"

"कोनी वावरात आनून दाखवलं नाई म्हनून!"

परीक्षेत तिनं तक्ता आठवलाच नाही. आधी त्रिकोण काढला. पर्यवेक्षक बाई वाकून म्हणाल्या, "मावशी, प्रश्नात आकृती कुठे आहे?"

"नसू द्या. मले लागते."

निकाल लागला. काठावर का होईना, बाई भूमितीत पास! निशांत सर पेढे घेऊन आले. प्रेमदासनं सुटकेचा निःश्वास सोडला. "चाल, झालं एकदाचं."

"झालं कसं? अकरावीले गनित घ्याचं हाय."

"गनित? अवं, काईतरी सोपं घे न!"

"सोपं पायजे असतं," पेढा त्याच्या तोंडात कोंबत बाई म्हणाली, "तं तुमच्यासंग लगन केलं असतं का?"