हिरव्या रंगाखालचा परवाना

आमच्या कारखान्यात ‘कॉम्प्युटरवाल्या बाई’ म्हणजे मी. शिकले कुरुंदवाडात, तेही कॉमर्स. उद्यमनगरातल्या या ओतकामाच्या कारखान्यात आले ती पत्रं टाइप करायला. पण कुणी मला ‘तुम्हाला जमणार न्हाय’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या फिरलेल्या डोक्याच्या जिवावर मी इथवर आले, आणि त्याचा मला अभिमान आहे.

गोष्ट माप घेणाऱ्या यंत्राची. ओतलेला तुकडा त्यावर ठेवायचा, यंत्र त्याचं माप घेतं आणि जोडलेला कॉम्प्युटर त्याचा कागद छापून देतो. त्याचा प्रोग्रॅम एका जुन्या, विकतच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालतो. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक पुण्याचं. त्यांचं पत्र आलं: अपडेट बंद झालेली सिस्टिम नेटवर्कवर उघडी चालणार नाही, एकही सॉफ्टवेअर चोरीचं सापडलं तर काम बंद, आणि तपासायला आमचा माणूस येईल. ते काम गेलं असतं तर आमच्या निम्म्या भट्ट्या थंड पडल्या असत्या. मालकांनी पत्र माझ्यापुढं टाकलं. म्हणाले, “नवीन यंत्र घ्यायची ऐपत न्हाय. काय करायचं ते तुम्हीच बघा.”

मी बघितलं. त्याच कॉम्प्युटरवर फुकट मिळणारी नवी सिस्टिम टाकायची. तिच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरनं केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्यात जुनी सिस्टिम ठेवायची आणि तिला नेटवर्क दाखवायचंच नाही. शेजारचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला हसला. “परवान्याचं काय घेऊन बसलाय बाई? क्रॅक केलेली हाय की पेनड्राइव्हवर. समदं उद्यमनगर तीच वापरतंय.”

“वापरू दे,” मी म्हटलं. “माझ्या यंत्रात ती शिरायची न्हाय.”

जुन्या सिस्टिमचा परवाना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सगळे ‘मान्य आहे’वर बोट दाबून मोकळे होतात, मी डिक्शनरी घेऊन चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसले. आणि सापडलं! सिस्टिम ज्या कॉम्प्युटरबरोबर विकत घेतली, त्याच कॉम्प्युटरवर ती थेट चालवण्याऐवजी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची मुभा होती. पण एकाच मशीनमध्ये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाही. मी तिथल्या तिथं टाळी वाजवली, शेजारचा शिपाई दचकला.

आता मशीनमध्ये सिस्टिम नव्यानं टाकायला फक्त परवान्याचा नंबर हवा होता. तो कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या स्टिकरवर असतो. बघते तर डबा हिरवागार! खंडेनवमीला आमच्याकडं सगळी यंत्रं धुऊनपुसून रंगवतात आणि मग पूजा. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी लेथ रंगवून उरलेला रंग कॉम्प्युटरला फासला होता, स्टिकरसकट.

मी कडाडले. मिस्त्री म्हणाले, “समद्या यंत्रास्नी रंग, मग ह्येलाच का न्हाय? ह्येबी यंत्रच की!”

पण माझा उतरलेला चेहरा बघून मिस्त्री उठले. रॉकेलमध्ये कापूस भिजवून आणला आणि डब्यापुढं फतकल मारली. रंग मऊ करायचा, नखानं हलकेच सोडवायचा, खालची छपाई निघू द्यायची नाही. आयुष्यभर लोखंड बडवलेले ते हात इतके हळू चालताना मी पहिल्यांदा बघितले. दुपार गेली. नंबर दिसला, पण एका जागी इंग्रजी ‘बी’ का ‘आठ’ कळेना. ‘बी’ घातला, नाकारला. ‘आठ’ घातला, घेतला. फोनवरून नोंदणी झाली आणि मापाचा पहिला कागद छापून बाहेर आला. “नाद खुळा!” मिस्त्री ओरडले.

पुण्याचे तपासनीस आले. खरवडलेलं स्टिकर बघितलं, मी खुणा केलेला परवाना वाचला. मग विचारलं, “व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक फाइल. ती कॉपी करून आणखी कुठं चालवताय का?”

मी मालकांकडं बघितलं. कारण दोनच दिवसांपूर्वी मालकांनी ती फाइल मागितली होती. त्यांना केबिनमध्ये बसून मापं बघायची होती. मी परवान्यातलं कलम दाखवून नकार दिला. “कारखाना माझा हाय,” एवढं बोलून ते गेले, ते माझ्याशी बोललेच नव्हते. नंतर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ती उतरवून घेतली असली तर? मला काय माहीत!

मालक खुर्चीतून उठले. “माझ्या केबिनमधला कॉम्प्युटर उघडून बघा.” तपासनिसांनी बघितला. काही नव्हतं.

“म्या मागितलीती,” मालक मोठ्यानं म्हणाले. “बाईंनी तोंडावर न्हाय म्हणून सांगितलं. ह्या कारखान्यात मला न्हाय म्हणणारं एकच माणूस हाय, आन् त्ये म्या पगार देऊन ठेवलंय.”

तपासनीस हसले आणि त्यांनी सही केली. मी मिस्त्रींना सांगायला भट्टीकडं पळाले, आणि लांबूनच ओरडले, “नाद खुळा!”