हातात वस्तू

मेघनाला हे माहीत नाही. मेघना माझी बायको, आणि तिच्यापासून लपवलेलं दुसरं काही माझ्याकडे नाही — माझं कोलेस्टेरॉलसुद्धा तिला पाठ आहे. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या सकाळी तुम्ही माझ्यासमोर चहा घेऊन बसणार नाही.

मी अमेरिकेत, चँडलरला असतो. ड्रोनच्या कॅमेऱ्याला बघायला शिकवणं हे माझं काम. आधी शेतांसाठी करायचो — कुठलं झाड सुकलंय, कुठला पाइप गळतोय. मग कंपनीने लढाईचं काम घेतलं. मला विचारलं, मी हो म्हणालो. तोवर नागरिकत्व मिळालेलं होतं, व्हिसाची टांगती तलवार वगैरे काही नव्हती. हे आधीच सांगून टाकतो.

खंदक तुम्ही चित्रात पाहिला असेल. माणूस जमिनीत उतरतो, डोकं खाली घेतो, समोरून येणारी गोळी वरून निघून जाते. पण वरून बघणाऱ्याला तो कसा दिसतो? झाकण काढलेला डबा. आमच्या कॅमेऱ्याला तर अंगातली उष्णता दिसते — करड्या मातीत पांढरी माणसं. ड्रोन स्फोटकं घेऊन माणसावर जाऊन आदळतो. चालवणाऱ्याशी सिग्नल तुटला की शेवटी ड्रोनने स्वतःच ठरवायचं, हा सैनिक लढतोय की शरण आलाय. हात डोक्याच्या वर असले तर शरण. त्याला सोडायचं. हे ड्रोनला शिकवायला आम्ही जुने व्हिडिओ बघून प्रत्येक माणसाला लेबल लावायचो. शेवटचा होकार माझा असायचा.

एका व्हिडिओत खंदकाच्या कोपऱ्यात एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. वर बघत होता. छातीपाशी एक पांढरा गोळा. टायलर म्हणून एक साधा मुलगा माझ्या शेजारी बसायचा, त्याने लेबल लावलं — हातात वस्तू. म्हणजे लढणारा. "ग्रेनेड, राइट?" त्याने मला विचारलं.

ग्रेनेड नव्हता. मला बघताक्षणी कळलं. न कळायला काय झालं? रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवतो, प्रार्थनेला मुलं माझ्यासमोर तशीच उभी असतात. त्या माणसाने हात जोडले होते. कुठल्या देवाला, कुठल्या भाषेत, माहीत नाही. आपण नाही का म्हणत, 'हात जोडतो तुमच्यापुढे' — तसे. आणि त्या दिवशी ड्रोन माणूसच चालवत होता. त्यालाही कळलं होतं. ड्रोन थोडा वेळ थांबला, वळला आणि निघून गेला.

मग मी का बोललो नाही?

काहीतरी मोठं कारण असेल असं मलाही वाटायचं. नाही. आमचा मॅनेजर रोज सकाळी मला हात जोडून, कमरेत वाकून "नमस्ते" करायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो — सगळ्यात जास्त मीच. आता मीच भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगायचं, की हे नमस्कारासारखं काहीतरी आहे? पुन्हा तो हशा? मला लाज वाटली. बस, तेवढंच.

"येस, लुक्स लाइक इट," मी टायलरला म्हणालो, आणि होकाराचं बटण दाबलं. पुढे तशी आणखी माणसं निघाली, तीही त्याच लेबलाखाली गेली. मग जेवायला गेलो. डब्यात कोबीची भाजी होती.

काही महिन्यांनी प्रत्यक्ष लढाईतले व्हिडिओ आले, आमचं काम कसं चाललंय ते बघायला. एकात सिग्नल तुटलेला, ड्रोन एकटाच. खाली माणूस, छातीपाशी पांढरा गोळा. त्याच्याभोवती चौकट आली, चौकटीवर शब्द आले — हातात वस्तू. हा ड्रोन वळला नाही. मग पडदा करडा झाला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मीही वाजवली. आत काहीतरी हलायला हवं होतं ना? नाही हललं. अजूनही हलत नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

नंतरही सांगता आलं असतं. तो मॅनेजर केव्हाच नोकरी सोडून गेला, हसायला कुणी उरलेलं नाही. तरी मी सांगितलं नाही. लेबल तसंच आहे.

यंदा गणपतीत मी आरतीचं रेकॉर्डिंग करत होतो. हल्ली दरवर्षी मीच करतो. "बाबा, यू नेव्हर डू इट," माझी मुलगी ईरा म्हणाली. मेघना हळूच म्हणाली, "अरे, फोन ठेव. हात तरी जोड." मी म्हणालो, रेकॉर्डिंग चालू आहे.

असं काही सांगून झालं की शेवटी हात जोडायची आपल्याकडे पद्धत आहे. मी जोडत नाही.