येतो

आमच्या ऑफिसच्या फाटकावर आता कॅमेरा आहे. त्याने चेहरा ओळखला की फाटक सरकतं, लिफ्ट खाली येते आणि वर माझ्या टेबलावरचा दिवा लागतो. संध्याकाळी निघताना फाटकातून एक गोड आवाज येतो, "धन्यवाद."

तो ऐकला की मला पवारमामा आठवतात. ते या फाटकावर वॉचमन होते. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावाहून इथे नोकरीला आलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी बावरून त्यांना म्हणालो, "जातो मामा."

त्यांनी फाटक अर्धवट उघडून धरलं. "आजच राजीनामा दिलास की काय? येतो म्हण!"

मी "येतो" म्हणालो. "ये," म्हणत त्यांनी वाट दिली. या परक्या शहरात माझ्या परतण्याची कुणाला तरी अपेक्षा आहे, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. फाटकाला मात्र आत आणि बाहेर एवढंच कळतं.

ही यंत्रणा बसली आणि मामांची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी ते डबा घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. फाटक हललंच नाही. त्यांचा चेहरा यंत्रात कुणी घातलाच नव्हता.

"बघ, त्याला मला सोडवेना," मामा हसले.

मी माझा चेहरा पुढे केला. फाटक सरकलं.

"जातो रे."

"मामा, येतो म्हणा ना."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बाहेर पडले. तरीही "या" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकच म्हणालं, "धन्यवाद."