चार बोटं कमी

वस्त्र हा माणसाच्या आत्म्याचा उंबरठा असतो. जळगावच्या एका संस्थेत मी फॅशन डिझाइन शिकवते आणि दरवर्षी पहिल्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहिते. पोरी ते वहीत उतरवून घेतात, खाली रेघ मारतात आणि विचारतात, "मॅडम, फॉल-पिको कधी शिकवणार?"

टीव्हीवर मी अपघातानेच गेले. एका वाहिनीचा बायकांसाठीचा दुपारचा कार्यक्रम जळगावात चित्रित होत होता आणि मुंबईहून येणाऱ्या तज्ज्ञ बाईंची गाडी चुकली. संस्थेतून मला उचलून नेलं. निवेदिकेने विचारलं, "पैठणीत स्त्री कशी दिसते?" मी म्हटलं, "सावध. जेवताना तर फारच." लोक हसले. मग महिन्यातून एकदा बोलावणं येऊ लागलं. नावाखाली 'फॅशनतज्ज्ञ' अशी पट्टी झळकायची. धुळ्याहून आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन यायचा, "दिसस ते चांगली, पन बोलस भलतं."

इकडे संस्थेत प्रवेश आटत चालले होते. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, आणि चहा मागवला म्हणजे बातमी वाईट हे मी ओळखलं.

"मॅडम, जूनपर्यंत जागा भरल्या नाहीत तर कोर्स बंद करावा लागेल. तुमच्या वर्गात कॉम्प्युटर लॅब बसेल. आता तुम्ही टीव्हीवर कायमच्या झालात, तर गोष्ट वेगळी. तुमचा फोटो आपण गेटवरच लावू."

दुसऱ्याच दिवशी एक सुतार येऊन माझा वर्ग मोजून गेला. मी तास घेत होते. त्याने "चालू द्या, चालू द्या" म्हणून मला परवानगी दिली.

कायमचं होणं एका भागावर ठरणार होतं. खान्देश विशेष, मंगल कार्यालयात, समोर तीनेकशे बायका. त्यातल्या एकीचं माप घेऊन दोन तासांत ब्लाउज शिवून द्यायचं, तेही प्रेक्षकांदेखत. मला यात काही अवघड वाटलं नाही. आमच्याकडे बायका शिंप्याला अंगाचं माप देत नाहीत, जुनं बसतं ब्लाउज देतात. त्याला मापाचं म्हणतात. ही पद्धत म्हणजे आधीच्या शिंप्याच्या चुका जपून ठेवण्याची सोय आहे, असं मी वर्गात सांगत असे. मापाचं ब्लाउज समोर ठेवून बेतणाऱ्या पोरींना प्रॅक्टिकलमध्ये मी नापासही केलेलं आहे.

पहिल्या रांगेतून असोद्याच्या एक अक्का पुढे आल्या. भाच्याच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकायचं म्हणून त्या बसने जळगावला आल्या होत्या आणि गर्दी दिसली म्हणून आत शिरल्या होत्या. पिशवीत ब्लाउजपीस होता, मापाचंही होतं. तेच त्यांनी माझ्यापुढे धरलं.

मी टेप काढली.

"हे काय व माय? हे घे ना मापाचं. मी काय वावर हाये का, मोजाले?"

"अक्का, टेप खोटं बोलत नाही," मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. ते वाक्य मी आदल्या दिवशी तयार केलं होतं.

अक्का ताठ उभ्या राहिल्या. समोर दोन कॅमेरे, त्यांच्यामागे दोन परके पुरुष, वर दिवे. मी हात वर करा म्हटलं की त्या हात वर करत होत्या, खाली म्हटलं की खाली. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, विज्ञानापुढे नम्र झाल्या.

मी बेतलं, शिवलं. उसवून मोठं करायला शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. ती मी जेमतेम ठेवली. माझं माप चुकत नसल्यामुळे जास्तीची गरज नव्हती. दोन तासांनी अक्का पडद्याआडून पदर घट्ट लपेटून बाहेर आल्या.

"हूक लागत न्हाई. चार बोटं कमी हाये."

"असं कसं? मी स्वतः मोजलंय!"

"मोजलं त. पन तव्हा मी दम धरेल व्हता ना व! इतल्या मानसांसमोर पोट सोडू का? आता काय लग्नात जेवू बी नको?"

कार्यालय हशाने कोसळलं. निवेदिका खाली बसली. दोन्ही कॅमेरे हलत होते, म्हणजे त्यांच्यामागचे पुरुषही.

"अक्का, मला सांगायचं तरी!"

"दम धरून बोलता येतं का? तूच बोलून दाखव."

मी खरंच श्वास रोखून बोलायचा प्रयत्न केला. हे आजही मला समजावून सांगता येत नाही. घशातून जो आवाज निघाला तो माइकने नीट पकडला.

मी त्यांना नवीन ब्लाउजपीस आणून दिला. मापाचं पिशवीत टाकून त्या नेहमीच्या शिंप्याकडे निघाल्या. मी शिवलेलंही त्यांनी घडी घालून घेतलं. "राहू दे, नातीले व्हईल," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. नापास पोरीच्या पाठीवर ठेवतात तसा.

त्या रात्री मी झोपले नाही वगैरे काही नाही. झोपले. सकाळी उठून वर्गातली मशिनं मोजली, कारण ती कुठेतरी हलवावी लागणार होती. सुतार फळ्या घेऊन आलाच होता.

वाहिनीचा फोन चार दिवसांनी आला. त्या आवाजाचा तुकडा भुसावळपासून धुळ्यापर्यंत प्रत्येक मोबाइलवर फिरत होता. मला दर आठवड्याला, वर्षभरासाठी घेतलं होतं. प्राचार्यांनी शाल आणि नारळ आणला, सुताराला परत पाठवलं आणि गेटवर माझा फोटो लावला. जूनमध्ये जागा भरल्या. कोर्स वाचला.

करार कुरिअरने आला होता. मी तो चष्मा लावून दोनदा वाचला. पदाच्या रकान्यात 'विनोदी कलाकार' असं छापलेलं होतं. मी सही केली.