तीन दिवसांचा नियम

ग्रंथपाल सरांनी आयुष्यभर पुस्तकं दिली आणि परत घेतली. शिकवलं कधीच नव्हतं. पण बारावीचे गणिताचे मास्तर नोकरी सोडून गेले, जागा काही भरेना, आणि प्राचार्याबाईंनी तो रिकामा तास सरांच्या गळ्यात मारला. "मुलं मोठी झालीत. त्यांना आपलं आपण शिकायची सवय लावा," बाई म्हणाल्या. शिक्षक नसण्याला इतकं गोंडस नाव द्यावं तर ते बाईंनीच.

सर मात्र मनापासून कामाला लागले. त्यांनी प्रत्येकाला एकेक वही करायला लावली. सोमवारी ठरवायचं, काय शिकणार. शनिवारी लिहायचं, काय झालं, कुठे अडलं, का अडलं. आणि एक नियम घातला: अडलेल्या प्रश्नाशी तीन दिवस एकट्याने झुंजायचं, मग सरांच्या टेबलाशी यायचं. मधल्या काळात बाहेर कुणाला विचारायचं नाही.

खोटं कशाला बोला, नियमाचा गुण आला. मागच्या बाकावर पेंगणारे वेळापत्रकं आखू लागले. निम्मे प्रश्न तीन दिवसांत आपोआप सुटायचे, आणि सरांची कॉलर ताठ व्हायची.

उरलेल्या निम्म्यांचं काय, हे फक्त सरांना ठाऊक होतं. त्यांचं स्वतःचं गणित दहावीतच संपलं होतं, तेही काठावर. चौथ्या दिवशी कुणी आलं की ते चष्मा पुसत आणि म्हणत, "पायऱ्या गाळतोयस. पहिल्यापासून कर." चलाख पोरांनी हे पाणी केव्हाच ओळखलं. ती गुपचूप क्लासला जाऊ लागली आणि वहीत काहीबाही लिहू लागली.

मुंगीने तसं केलं नाही. अक्षर इतकं बारीक की वर्गाने तिचं नाव मुंगी ठेवलेलं. तिचा बाप रंगारी. परांचीवरून पडून त्याची कंबर गेली होती. वाईट माणूस नव्हता तो, पण घर एकट्या आईच्या पॅकिंगच्या कामावर किती ओढणार? त्याने सांगून टाकलं होतं, "एकदाच बस परीक्षेला. पास झालीस तर नर्सिंगला जा. नाहीतर आईबरोबर कारखान्यात."

मुंगी इंटिग्रेशनला अडली आणि टेबलाशी आली.

"किती दिवस झाले?" सरांनी विचारलं.

"दोन, सर."

"मग उद्याचा दिवस कर आणि परवा ये."

ती सांगितल्या दिवशी आली. सरांनी वही हातात घेतली, बराच वेळ बघितली. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. "जमेल तुला. पुन्हा पहिल्यापासून कर," ते म्हणाले.

तिने केलं. ओळीने आठ शनिवार तिच्या वहीत तोच धडा अडलेला होता, आणि कारणाच्या रकान्यात तेच बारीक अक्षर: मी कमी पडले. सरांनी आठही वेळा खाली लिहिलं, 'प्रामाणिक. शाबास.' तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले तेव्हा बाईंनी हीच वही कौतुकाने पुढे केली. साहेब म्हणाले, अशी स्वावलंबी मुलं हवीत.

निकाल लागला. मुंगीला बाकी सगळ्या विषयांत चांगले गुण होते. गणित गेलं.

पुस्तकं परत करायला ती दुपारी आली. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. सरांनी पुस्तकं मोजली, कार्डावर शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाले, "पुन्हा बसता येतं. मी कुणीतरी शिकवणारा बघतो."

"नको सर. सोमवारपासून जाते मी. बाबांनी एकदाच म्हटलं होतं." मग तीच समजूत घातल्यासारखं म्हणाली, "माझंच नियोजन चुकलं. जास्त वेळ द्यायला हवा होता."

हे वाक्य सरांनीच तिला शिकवलं होतं. ते तिच्याबरोबर कारखान्यात जाऊ देणं त्यांना झेपेना.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मला ते गणित येत नव्हतं. एकही येत नव्हतं. सांगायची लाज वाटली."

मुंगी रडली नाही की चिडली नाही.

"आमच्या शेजारी इंजिनिअरिंगची एक ताई राहते," ती म्हणाली. "ती दोनदा विचारायला आली होती, काही अडलंय का म्हणून. मी नाही म्हटलं. मला वाटलं, तुम्हाला येतंय, आणि माझ्या भल्यासाठीच तुम्ही सांगत नाही आहात."